मेंदूतली गुठळी आणि हळदीचा रंग



“आत्ताच जेवल्या आणि शेजारी जाऊन सांगतात, सुनेनं उपाशी ठेवलं.” ही तक्रार गटाच्या बैठकीत नेहमीची. कुणी म्हणतं म्हातारचळ, कुणी देवऋष्याकडे नेतं. पण अशा वेळी सासूबाई सोंग करत नसतात. तो अल्झायमर असू शकतो. त्यात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई आली. तिला स्वतःचं नावही धड लिहिता येईना. १९०६ला ती वारली. मग डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप रंगवून या गुठळ्या पाहिल्या. म्हणजे माणूस गेल्यावरच दिसायच्या.

जिवंतपणी बघायच्या तर गुठळीला चिकटून चमकणारा रंग हवा. बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की एरवी न दिसणाऱ्या खुणा चमकतात ना, तसा. असा एक रंग आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे! हळदीतलं कर्क्युमिन गुठळीला चिकटतं, चमकतंही. २००९ साली अमेरिकेत बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी त्यात बदल करून नवा रंग केला. त्याची चमक तांबड्याच्याही पलीकडची, डोळ्यांना न दिसणारी. कारण तसा उजेड मांसातून जास्त आरपार जातो. रात्री बॅटरीवर तळहात ठेवून बघा, पलीकडे लालच दिसेल. उंदरांच्या मेंदूतल्या गुठळ्या या रंगाने बाहेरून ओळखता आल्या. माणसाची कवटी जाड, तिथे हा उजेड पुरत नाही. म्हणून माणसाला किरणोत्सारी औषध टोचून पेट स्कॅन करतात. तो महाग, आणि मोठ्या शहरातच.

मग हळद जास्त खाऊन आजार जाईल? नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. विसरण्यावर हळदीच्या गोळ्या विकायला कुणी आलं, तर बचतीचे पैसे मोडू नका.

विसर वाढला की आधी सरकारी दवाखान्यात न्या. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. रक्त तपासलं की कळतं. कधीपासून, काय काय विसरतात, ते वहीत लिहून न्या. आणि डॉक्टरांकडे त्यांना एकटीला आत पाठवू नका. त्या “मला काही झालं नाही” एवढंच सांगून बाहेर येतील.