अठरावं वर्ष लागण्याआधी



बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न मुलाच्या आईवडिलांपाशी थोडा वेळ बसलं, की एक प्रश्न हमखास निघतो : आमच्या माघारी याचं कसं होणार? मला आज त्याच्या अलीकडचा प्रश्न मांडायचा आहे. तुम्ही हयात असताना, शाळा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी याचं कसं होणार?

दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण 3 वरून 4 टक्क्यांवर नेलं. पण अठरा पूर्ण झाली की शाळेची गाडी दारात यायची थांबते. मग दिवसभर टीव्ही. शाळेत कमावलेल्या सवयी बघता बघता सुटतात. मुंबईच्या जय वकील, पुण्याच्या कामायनी, नाशिकच्या प्रबोधिनी या संस्थांनी शाळेबरोबर कामाचं शिक्षणही दिलं, हे मोठंच काम. तरी सगळ्यांना पुरेल एवढी जागा तिथे कुठून असणार?

म्हणून तयारी चौदाव्या वर्षी सुरू व्हायला हवी, आणि ती घरातून. गाडीवाला हॉर्न वाजवतो, म्हणून आई रोज मुलाच्या बुटाची नाडी बांधते. घाई खरी असते, मायाही खरी असते. पण मुलगा वीस वर्षांचा झाला तरी नाडी आईच बांधते. त्याला पन्नासची नोट देऊन दुकानात पाठवा. सुट्टे परत घेईपर्यंत त्याला थांबता आलं पाहिजे. बसचा नंबर ओळखणं, दाढी करणं, पाळीच्या दिवसांत स्वतःचं स्वतः आवरणं, नको असलेल्या स्पर्शाला ठामपणे ‘नाही’ म्हणणं, हा सगळा अभ्यासक्रमच आहे. माझ्या मते कवितांच्या पाठांतराआधी याला वेळ मिळायला हवा.

आणखी एक गोष्ट पालकांना फार उशिरा कळते. मूल सज्ञान झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकाची गरज आहे का, आणि असलीच तर नेमकी कशापुरती, हे समितीने तपासायचं असतं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण अठरा वर्षांच्या माणसाचा स्वतःबद्दल ठरवण्याचा हक्क तिने गृहीत धरला आहे. आपण तो घरीसुद्धा धरत नाही. शर्ट कुठला घालायचा, हेही त्याला विचारत नाही.

या सभागृहात दुकानदार आहेत, छापखानेवाले आहेत, हॉटेलमालक आहेत. दिवाळीत या मुलांच्या पणत्या तुम्ही घेता, जरूर घ्या. पण पुढच्या महिन्यात जवळच्या विशेष शाळेत जा, सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे काम शिकायला बोलवा, आणि तो अठरा वर्षांचा झाला की त्याच्या कामाचा रीतसर पगार त्याच्या हातात द्या.