पत्रा कापायचाय? आधी दात मोजा

हेडफोन लावलेत ना? आज सुरुवातीलाच ग्राइंडरचा आवाज ऐकवणार होतो, पण तुमच्या कानांची दया आली. त्यापेक्षा एक गोष्ट सांगतो. माझ्याच चुकीची आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्या गावात कौलं उडाली, माड आडवे झाले. मी तेव्हा फॅब्रिकेशनच्या कामावर हेल्पर होतो. वरून पाऊस सुरू, आणि ज्याला त्याला छप्पर कालच हवं होतं. आमच्या आळीतल्या एका आजीने थोडे मदतीचे, थोडे मुंबईच्या मुलाने पाठवलेले असे पैसे गोळा करून निळे रंगीत पत्रे आणले. मिस्त्री दुसऱ्या साइटवर निघाले होते. जाताना मला म्हणाले, "कातर आणि एक्सॉ ब्लेड पेटीत आहे. सावकाश काप."

सावकाश? हातात चार इंची ग्राइंडर असताना? मी पत्र्यांच्या थप्पीवरच वरचा पत्रा ठेवला, रेघ मारली आणि कटिंग व्हील लावलं. दोन तासांत सगळे पत्रे कापून मोकळा. ठिणग्या काय उडत होत्या! कुणीतरी व्हिडिओपण काढला. मला तर हिरो झाल्यासारखं वाटत होतं.

गणपतीत आजीकडे आरतीला गेलो. प्रसाद हातावर ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाळा, नव्या पत्र्याला गोवर आलाय रे." बाहेर येऊन वर बघितलं. निळ्या पत्र्यावर सगळीकडे तांबूस ठिपके, आणि वळचणीला जिथे कापलं होतं तिथे गंजाची सरळ रेघ. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

नेमकं काय झालं होतं, ते मिस्त्रींनी नंतर समजावलं. रंगीत पत्रा म्हणजे मधे पोलाद, दोन्ही बाजूंनी जस्ताचा किंवा जस्त आणि ॲल्युमिनियमचा थर, आणि त्यावर रंग. पत्रा कापला की कडेला पोलाद उघडं पडतंच. पण थर शाबूत असेल तर शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि त्या बारीक कडेला सांभाळतं. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं. ग्राइंडरच्या ठिणगीची उष्णता त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे कडेला सांभाळणारं जस्त मीच जाळलं होतं. आणि ठिणगी म्हणजे तरी काय? पोलादाचा तापलेला कण. तो रंगात रुतून बसतो, पावसात गंजतो, आणि गोवर दिसतो.

आता मुद्द्यावर येऊ. पातं कसं निवडायचं?

एक्सॉ ब्लेड घ्या आणि त्यावरचा आकडा वाचा. १८, २४ किंवा ३२ असं काहीतरी असेल. एका इंचात तेवढे दात. नियम सोपा आहे. कापताना निदान तीन दात पत्र्यावर टेकलेले हवेत. नाहीतर पत्रा दोन दातांच्या मधल्या खाचेत अडकतो, ब्लेड धडधडतं, दात तुटतात आणि पत्र्याची कड फाटते.

छपराचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाड. ३२ च्या ब्लेडमध्येसुद्धा दोन दातांत जवळपास ०.८ मिलिमीटर अंतर असतं. ब्लेड उभं धरलं तर एकच दात टेकणार. मग तीन कुठून आणायचे? मिस्त्रींनी माझं मनगट धरून खाली दाबलं. "ब्लेड पत्र्यावर झोपव." दहा अंशांच्या आसपास तिरकं धरलं की त्याच पत्र्याची ब्लेडला लागणारी जाडी जवळजवळ तीन मिलिमीटर होते, आणि तीन दात आरामात बसतात. दातांची टोकं पुढच्या बाजूला ठेवा, जोर फक्त पुढे ढकलताना द्या. पातळ पत्र्याला ३२ चंच घ्या, आणि कापताना झोपवा.

जिगसॉ असेल तर पातं उभंच चालतं, झोपवता येत नाही. म्हणून धातूचं, सगळ्यात बारीक दातांचं पातं घ्या. पातळ पत्र्यासाठी सुमारे ०.७ मिलिमीटर अंतराच्या दातांची पाती मिळतात. पत्र्याखाली प्लायचा तुकडा घट्ट पकडा, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. मशीनचा पुढे-मागे झुलायचा खटका शून्यावर ठेवा. मशीनच्या तळाला चिकटपट्टी लावा, रंगावर ओरखडे येणार नाहीत. सपाट पट्ट्यांसाठी हे उत्तम. नागमोडी पत्र्यावर मात्र जिगसॉचा तळ नीट बसत नाही.

तिथे पत्रा कातर कामाला येते. नव्या कातरींच्या मुठीला रंग असतो. पिवळी सरळ कापायला, लाल डावीकडे वळायला, हिरवी उजवीकडे. काम मोठं असेल तर निबलर. तो पत्र्याचे बारीक तुकडे चावत पुढे जातो, ठिणगी नाही. फक्त ते तुकडे चंद्रकोरीसारखे आणि धारदार असतात. अनवाणी फिरू नका, लगेच झाडून घ्या.

आता एक गोष्ट गंमत म्हणून नाही, खरंच ऐका. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीही लावू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो. दात पत्र्यात अडकला की मशीन उलटं अंगावर येतं, आणि तुम्ही हात मागे घेईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. कुठलंही पातं लावायच्या आधी त्यावरचा फेऱ्यांचा कमाल आकडा बघा. तो मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते पातं त्या मशीनचं नाही. चष्मा आणि जाड हातमोजे हातकामाला. फिरत्या पात्याजवळ सैल हातमोजे नकोत, ते ओढले जातात.

आणि ग्राइंडर वापरावाच लागला तर? थप्पीपासून लांब जा. वारा ठिणग्या कुठे नेतोय ते बघा. कापून झालं की चुरा त्याच दिवशी मऊ ब्रशने झाडा, आणि कडेला जस्ताचा प्रायमर लावा.

शेवटची युक्ती फुकटची आहे. पत्र्याची कंपनीतून आलेली कड खाली वळचणीला ठेवा आणि कापलेली कड वर, आढ्याच्या पत्र्याखाली. पाणी वळचणीला थांबतं, थेंब तिथे लटकतो. कापलेली बाजू कोरडी राहिली की तेवढीच जास्त टिकते. मी नेमकं उलटं केलं होतं.

आजीचे दोन पत्रे फारच खराब झाले होते. ते माझ्या मजुरीतून बदलले. बाकीचे घासले, प्रायमर आणि निळा रंग मारला. नवे दोन कापायला मला अख्खी सकाळ लागली. आजी ओट्यावर बसून बघत होती. मधेच म्हणाली, "आज आवाज नाही आला रे तुझ्या मशीनचा?"

म्हटलं, "आज ब्लेड झोपवलंय, आजी."

तिला काही कळलं नाही. पण चहा दोन वेळा आला.

तुमच्याकडे मे महिन्यात पत्र्याचं काम निघणार असेल, तर दुकानात गेल्यावर "ब्लेड द्या" एवढंच म्हणू नका. "३२ चं द्या" म्हणा. भेटू पुढच्या भागात.