लढाईतली वही



लढाई म्हटली की तोफा आठवतात. पण लढाईत नगरपालिकेलाही काम असते. तेच आज आम्ही सांगणार आहोत.

इंग्लंडात बाथ नावाचे लहान शहर आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. विमानांना गाव दिसू नये म्हणून रस्त्यांवरची दिवाबत्ती बंद झाली. तिकडे गावोगावी गल्लीवार पहारेकरी नेमले होते. कोणत्या घरात किती माणसे निजतात, हे ते वहीत लिहून ठेवीत.

एप्रिल १९४२ मध्ये लागोपाठ दोन रात्री बाथवर बाँब पडले. चारशेहून अधिक माणसे दगावली. हजारो घरांची पडझड झाली. अशा वेळी ढिगाऱ्याखाली किती जणांना शोधायचे, हे वहीच सांगे. शिवाय बेघरांना निवारा, भुकेल्यांना जेवण, फुटक्या नळांची दुरुस्ती, मेलेल्यांची मूठमाती, हे सारे नगरपालिकेला पाहावे लागले.

मंडळी, अशी वही संकटाआधीच लिहावी लागते. आपल्याकडेही पूर येतो, आग लागते. आता तुम्हाला लिहिता येते. वाडीत कोणत्या घरी किती माणसे, म्हातारे कोण, आजारी कोण, हे आजच लिहा आणि ग्रामपंचायतीत नेऊन द्या.