संगणक नवा, मराठी फाइल जुनी

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे धडधाकट चालणारा जुना संगणकही बाद ठरू शकतो. पैशांची झळ आहेच, पण रत्नागिरीतल्या छापखान्याला किंवा पतसंस्थेला खरा मनस्ताप होतो तो मराठी फायलींचा.

श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले होते. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेत कुलदेवतेच्या नावाजागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो. घाबरून फाइल पुसू नका! याउलट युनिकोड या प्रमाण पद्धतीत 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो.

जुना संगणक चालू आहे तोवरच फायलींसोबत फॉन्टही पेनड्राइव्हवर घ्या, महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवा. सॉफ्टवेअर डाँगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीवर, चालत असेल, तर नव्या विंडोजवर ते चालेल का, हे विक्रेत्याला आधी विचारा. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं बिघडू शकतात. शिर्के, कर्वे अशी आडनावं नीट नजरेखालून घाला. सभासदांची यादी असेल तर दोघांनी बसावं: एकाने जुनी छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहायचं.