डब्यातली भाजी, सुका मेवा आणि घरचं वाळवण

उन्हाळ्यात जाफराबाद तालुक्यात विहिरींनी तळ गाठला, की मळ्यातली पालेभाजी संपते आणि बाजारात ती महाग होते. अशा वेळी भगिनी विचारतात, "साहेब, लेकराच्या अंगी ताकद यावी म्हणून खारीक-मनुका आणाव्या, की डब्यातला वाटाणा?" प्रश्न पैशाचा आहे, तसाच तब्येतीचाही आहे. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून आज दोन्हींचा हिशेब मांडू.

आधी पाण्याचं बघा. साधारण ४ किलो द्राक्षं वाळली म्हणजे १ किलो मनुका होतात. पाणी उडतं, साखर मागे राहते. त्यामुळे मूठभर मनुकांनी लवकर शक्ती येते, थोडं लोह व चोथाही मिळतो. पण क जीवनसत्त्व वाळवताना जवळजवळ सगळं जातं. मनुकांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी जपून खाव्यात आणि लेकरांनी खाल्ल्यावर चूळ भरावी.

डब्यातल्या भाजीचं उलट आहे. तिच्यात पाणीच जास्त. तेव्हा दोन्हींची वजनावर तुलना करणं म्हणजे ओली मिरची आणि वाळली मिरची एकाच भावानं मोजणं. डबा बंद करून खूप तापवतात, त्यात क जीवनसत्त्व बरंच घटतं. प्रथिनं आणि चोथा मात्र टिकतात. मीठ जास्त असतं, म्हणून पाणी ओतून टाकावं व भाजी धुऊन घ्यावी. डब्यावरची चिठ्ठीही वाचा. पुष्कळदा आत वाळलेलाच वाटाणा भिजवून भरलेला असतो. तो तर आपण घरीच रात्री भिजत घालू शकतो!

फुगलेला किंवा गळका डबा चाखूनसुद्धा पाहू नका. तसंच घरी भाजी उकळून हवाबंद बरणीत भरून ठेवू नका. साध्या उकळीनं न मरणारे जंतू त्यात वाढतात. त्यांचं विष वासानं कळत नाही आणि जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय? मेथी, गवार स्वस्त असते तेव्हा वाळवून ठेवा. कृती सोपी आहे :

१. भाजी निवडून स्वच्छ धुवा.
२. उकळत्या पाण्यात मेथी १ ते २ मिनिटं, गवार ३ ते ४ मिनिटं बुडवा. लगेच गार पाण्यात काढून निथळा.
३. मेथी सावलीत, वाऱ्यावर पसरा. कडक उन्हात तिच्यातलं अ जीवनसत्त्व नासतं. गवार उन्हात चालेल. वरून पातळ कापड घाला.
४. मेथी हातात चुरली आणि गवार कटकन मोडली, की घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. ८ दिवसांनी उघडून पाहा. ओल दिसली तर पुन्हा वाळवा.

वाळल्या मेथीतही लोह राहतं, क जीवनसत्त्व मात्र राहत नाही. आणि क जीवनसत्त्वाशिवाय भाजीतलं लोह अंगी नीट लागत नाही. म्हणून जेवताना वरून लिंबू पिळा, किंवा आपल्या जालन्याची मोसंबी खा. मटकीला मोड आणले, तर त्यातही क जीवनसत्त्व तयार होतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

सारांश असा : खारीक-मनुका जोडीला मूठभर असाव्यात, डबा अडीनडीला चालेल, पण रोजचा आधार घरचं वाळवण, मोडाची मटकी आणि लिंबू यांचाच. लेकरू फिकट दिसत असेल, बाईमाणसाला चालताना धाप लागत असेल, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तिथं मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद न करता पूर्ण घ्या. आहार हा औषधाचा जोडीदार आहे, त्याची जागा घेणारा नव्हे.