आपल्या विटा कुठून येतात?

(हितचिंतकांच्या सभेतील भाषण)



वसतिगृहाच्या नव्या खोल्यांसाठी आपण सढळ हाताने दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आता विटा घ्यायच्या आहेत, म्हणून विटांविषयीच बोलतो.

रायगड, ठाणे, पालघरकडची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. बहुतेकांनी आधीच मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळे घर राबते. ऊन चढायच्या आत काम उरकावे म्हणून मध्यरात्रीनंतर उठून गारा तुडवायचा, विटा पाडायच्या. मजुरी हजारामागे, तीही जोडप्याला मिळून. बाईची वेगळी गणती नाहीच. भट्टीत कोळशाची भुकटी आणि भाताचा तूस जळतो. आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्यांना चिमणी नसते, त्यामुळे धूर खालीच पसरतो आणि मजुरांची खोपटी तिथेच असतात. मुले खोकतात, आपण औषध पाठवतो. ते पाठवावेच, पण धूर आहे तिथेच राहतो.

निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारोने गवत देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली. कातकरी बाईला हा अध्याय फोड करून सांगावा लागत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीची वही अजून मालकाच्याच हाती असते.

काही जण म्हणतात, राखेच्या विटा घ्या. औष्णिक वीज केंद्रातल्या राखेची वीट भाजावी लागत नाही, शेतातली वरची मातीही वाचते. गोष्ट खरी. पण कोरडी राख मिसळणाऱ्याच्या छातीत जाते, आणि भट्टी सुटलेल्या माणसाने जायचे कुठे? मला तरी तेवढ्याने भागेल असे वाटत नाही.

आपण गिऱ्हाईक आहोत. सौदा करण्याआधी विचारू या: पिण्याचे पाणी कुठले? बायकांना आडोसा आहे का? खोपटी धुराच्या वाटेवर तर नाहीत? राखेवर पाणी मारता का? उचलीचा हिशेब मजुराला वाचून दाखवता का? अशा भट्टीची वीट महाग पडेल. बांधकाम समितीने तशी तरतूद करावी. एक खोली कमी झाली तरी माझी हरकत नाही.

भट्टी पाहायला यायचे असेल त्यांनी समितीकडे नाव द्यावे. निघायचे मात्र पहाटे तीनला. दुपारी गेलो तर माणसे दमून झोपलेली दिसतील.