एक गाव, दोन दप्तरे

१९४८ पर्यंत देवास शहरात पवारांची दोन संस्थाने नांदली : थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, दप्तरे दोन.

ब्राउझरला ही व्यवस्था फार उशिरा सुचली. ‘कुकी’ म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या यंत्रात ठेवलेली खूणचिठ्ठी. १९९४ ची, मूळची निरुपद्रवी. पुढे जाहिरातदार तीच चिठ्ठी स्थळोस्थळी वाचू लागले. धारच्या एखाद्या सुनेने अपत्यहीनतेविषयी एकांतात वाचावे, आणि त्याच फोनवर सासूबाई पाककृती पाहत असता उपचारांची जाहिरात पुढे यावी! सफारीने २०२० मध्ये अशा परक्या चिठ्ठ्या अडविल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक स्थळाला वेगळा कप्पा दिला. क्रोमने मात्र २०२५ मध्ये तो बेत सोडला. जाहिरातीवर जगणाऱ्याकडून निराळे काय घडणार? आणि वाचकाने आपण होऊन दिलेला दूरध्वनी-क्रमांक कोणताच कप्पा झाकीत नाही.